पेव, पत आणि पडता काळ



स्मरणिकेसाठी इतिहासविषयक चार शब्द लिहावेत अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा ज्ञातीच्या मूळ गावांविषयी किंवा कुलदैवतांविषयी काही लिहावे असे आम्ही प्रथम मनात आणले होते. परंतु गेल्या सर्वसाधारण सभेत एका प्रश्नावर बरीच चर्चा होऊन तो अनिर्णित राहिला, त्याचे स्मरण झाले आणि विषय आपोआप ठरला. मंडळाच्या संकट निधीत कित्येक वर्षांपासून साठत आलेली रक्कम मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यास लावावी किंवा कसे, असा तो प्रश्न होता. “असे संकट आता येते कोठे?” असे एका तरुण सभासदाने विचारले. प्रश्न प्रामाणिक होता आणि त्यास सभेत कोणी नीटसे उत्तर दिले नाही. ते उत्तर इतिहासाच्या साक्षीने देण्याचा आम्ही येथे अल्पसा प्रयत्न करीत आहोत.

सह्याद्रीच्या पूर्वेकडील आपला मुलूख हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस तीस-चाळीस कोसांवर येईतो हात आखडता घेतो. त्यामुळे पडता काळ येथे अपवाद म्हणून येत नाही, तो पाहुण्यासारखा मधून मधून येतच असतो. इ. स. १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे टिकला, गावेच्या गावे ओस पडली आणि शेतांच्या शिवा ओळखू येईनाशा झाल्या, असे परंपरा सांगते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर आपल्या घरोघरी लहान मुलांनाही ठाऊक आहे. भुकेलेले लोक दाराशी पाहून पंतांनी बादशाही कोठारे खुली केली आणि त्याची भरपाई प्रत्यक्ष पांडुरंगाने विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारी जाऊन केली, अशी ती कथा आहे. कथा म्हणून ती बाजूस ठेवली तरी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या काय जपून ठेवले हे पाहण्यासारखे आहे. कोठार भरणाऱ्या बादशहाचे नाव फारच थोड्यांच्या ध्यानात राहिले; कोठार उघडणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव मात्र सर्वांना ठाऊक आहे.

पुढे १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरात या दोन्ही प्रांतांवर भयंकर अवर्षण कोसळले. त्यातच फौजांच्या धामधुमीने मुलूख उजाड झाला होता. खुद्द पुणे कसबा आदिलशाही सरदाराच्या हातून उद्ध्वस्त झाला होता. देहूच्या तुकोबांचे वाण्याचे दुकान याच दुष्काळात बसले आणि त्यांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. त्यानंतर त्यांनी वडिलोपार्जित सावकारीची आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. ही खते बुडविण्याची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे सुमारे अडीचशे वर्षांनी खतांची गाठ पुन्हा पडणार आहे आणि ती फार निराळ्या रीतीने पडणार आहे.

मोडलेला मुलूख पुन्हा कसा उभा करावा याचा वस्तुपाठ शिवछत्रपतींच्या एका पत्रात सापडतो. सप्टेंबर १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या या पत्रातील आशय असा : गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, ज्याच्या अंगी कष्ट करण्याचे बळ आहे परंतु बैल, नांगर वा पोटास दाणे नाहीत, त्यास बैलांसाठी पैसा द्यावा, पोटासाठी धान्य द्यावे आणि दिलेली रक्कम वाढी न घेता, केवळ मुद्दल, त्याला शक्ती येत जाईल तसतशी हळूहळू उगवून घ्यावी. यात फुकट वाटप नाही, तसाच सावकारी फासही नाही. मनुष्यास पुन्हा पायांवर उभे करणारी ही पत होय.

या पत्राच्या जोडीस रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा उल्लेख करावासा वाटतो. गडावरील पाण्याविषयी लिहिताना अमात्य बजावतात की, एखादा झरा आहे आणि तो पुरतोही आहे म्हणून निश्चिंत राहू नये. कारण लढाईच्या वेळी तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून टाकी, तळी आधीच बांधून त्यांतील पाणी राखून ठेवावे. संकटाच्या पूर्वतयारीचे याहून नेमके सूत्र आमच्या वाचनात नाही. ज्या झऱ्यावर आपण रोज विसंबतो तो संकट येताच प्रथम आटतो, मग तो झरा पाण्याचा असो, पगाराचा असो की बँकेच्या खात्याचा असो.

गडावरील ही रीत गावात पेवाच्या रूपाने नांदत होती. नव्या पिढीतील कित्येकांनी पेव हा शब्द ‘गर्दीचे पेव फुटले’ एवढ्यापुरताच ऐकलेला असतो, म्हणून थोडा खुलासा करणे इष्ट होईल. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद व पोटाशी रुंद असे धान्याचे कोठार. पाणी न लागणारी, मुरमाड उंचवट्याची जागा पाहून ते खणीत, आतून कडब्याचे अस्तर देत, उन्हात खडखडीत वाळविलेली ज्वारी त्यात भरीत आणि तोंडावर फरशी ठेवून ते मातीने लिंपून टाकीत. आत हवा खेळत नसल्यामुळे किडीस जीव धरता येत नसे आणि धान्य काही वर्षे टिके. मात्र पेव उघडताच आत उतरणे जिवावर बेतत असे. तोंड बराच वेळ उघडे ठेवून, आत दिवा सोडून, तो विझत नाही अशी खात्री पटल्यावरच मनुष्य खाली जाई. सांगलीजवळ हरिपुरास हळदीची अशी पेवे मोठ्या संख्येने होती. २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांपैकी पुष्कळ निकामी झाली.

प्रत्येकाच्या दारी पेव होते असे मात्र समजू नये. भूमिहीनाच्या नशिबी ते क्वचितच आले असेल. तथापि बलुतेदारास वर्षाचे धान्य खळ्यावर मिळे, आणि गावात धान्य आहे तोवर ते गावातच कोणाच्या तरी हातचे आहे, एवढा तरी आधार सर्वांस असे. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. तिच्यात मानाची उतरंड होती, अन्याय होता आणि अन्नासाठी हात पसरावा लागण्याची मानहानीही होती. परंतु ती मोडली तेव्हा तिच्या जागी दुसरे काही उभे राहण्यापूर्वीच संकट येऊन ठेपले. हाच या लेखाचा मुख्य भाग आहे.

त्याची सुरुवात आपल्या मुलखापासून हजारो कोस दूर झाली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांस मिळणारा अमेरिकेचा कापूस बंद पडला आणि मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या कापसास सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले आणि शहाणीसुरती माणसे वायद्याच्या नादी लागली. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली. कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी वायदे पुरे करण्याची वेळ येताच कालचे लक्षाधीश आज दिवाळखोर ठरले. बँक ऑफ बॉम्बे ही प्रतिष्ठित पेढीदेखील त्या धक्क्यातून सावरली नाही. १८६८ साली तिचा कारभार गुंडाळावा लागला.

हा झाला शहराचा वृत्तांत. खेड्यांत त्याच गोष्टीचे पडसाद सावकाशीने उमटले. तेजीच्या वर्षांत लोहमार्गाच्या व सडकांच्या कामांवर मजुरी मिळत होती, धान्याचे भाव चढले होते, जमिनीची किंमत वाढली होती आणि तिच्या तारणावर सावकार हवे तितके कर्ज देण्यास राजी होता. इंग्रजी अमलात सारा रोखीने भरावा लागत असे. त्यासाठी पेवात जाणारी ज्वारी बाजाराच्या वाटेस लागली. पुढे तेजी ओसरली, भाव उतरले, परंतु त्याच सुमारास १८६७ पासून इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या फेरआकारणीने सारा वाढलेला होता. उत्पन्न घटले, सारा वाढला आणि सावकारांनी हात आखडला. अशा रीतीने तीन दोऱ्यांची गाठ एकाच गळ्याभोवती बसली.

त्या गाठीचा स्फोट १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात झाला. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने गाठली आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील कित्येक गावी हे लोण पसरले. यातील विशेष हा की, जमावाचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. तो कर्जखतांवर होता. खते मिळाली की ती जाळीत आणि परत फिरत. तुकोबांनी आपल्या वाट्याची खते स्वतःच्या हाताने नदीत सोडली होती. येथे ती ऋणकोंनी धनकोच्या दारात जाळली. धनको आणि ऋणको यांच्यात जी गोष्ट पडत्या काळी समजुतीने घडू शकते, ती समजूत उरली नाही म्हणजे अशा रीतीने घडते.

आणि मग पुढल्याच वर्षी, १८७६ साली, पावसाने दगा दिला. सोलापूर, पुणे, नगर, सातारा आणि दक्षिणेस विजापूर-धारवाडपर्यंतचा मुलूख करपून गेला. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आगगाडी सोलापूरपर्यंत पोहोचलेली होती आणि तिच्यातून धान्य येतही होते. बाजारात दाणा होता. लोकांच्या हाती तो घेण्यास पैसा नव्हता. पेवे रिकामी होती, पत संपलेली होती, शेतात काम नव्हते म्हणून मजुरी नव्हती. दुष्काळ धान्याचा पडला म्हणण्यापेक्षा आधाराचा पडला असे म्हणणे अधिक सत्यास धरून होईल.

सरकारने दुष्काळी कामे काढली खरी, परंतु १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी खर्चाला आळा घालण्यासाठी पुरुषाची रोजी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. एवढ्यावर दिवसभर खडी फोडावयाची! मजुरांनी कामे सोडून देऊन निषेध केला. या प्रसंगी पुण्याच्या सार्वजनिक सभेने जे कार्य केले ते आपल्यासारख्या संस्थांनी मुद्दाम अभ्यासण्यासारखे आहे. १८७० साली स्थापन झालेल्या या सभेने, गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या मार्गदर्शनाने, गावोगावची माहिती गोळा केली, ती व्यवस्थित लिहून सरकारपुढे मांडली आणि मजुरांची बाजू आकड्यांनिशी लढविली. नुसता कळवळा त्यांनी पुरेसा मानला नाही. त्यास कागदाचा आधार दिला.

दुसरीकडे सत्यशोधक समाजाने धनकवडीस दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालविला. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातील माणसांची आणि जनावरांची दैना वर्णिली आहे. समाजाचे कार्यकर्ते तेथे गावात राहून काम करीत होते. भुकेल्या मुलास जात विचारून जेवण देण्याची रीत तेथे नव्हती, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते.

या दुष्काळात ब्रिटिश अमलाखालील मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज केला जातो. त्यानंतर १८७८ साली नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० साली अहवाल दिला व त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. वेळीच काम व रोजी पुरविणे हे त्यांचे मुख्य सूत्र होते. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदाही झाला. परंतु हे सारे लक्षावधी चिता विझल्यानंतरचे शहाणपण होते.

त्या शहाणपणाचा उपयोग होतो हे पाहण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९७२ चा दुष्काळ आम्ही शाळकरी वयात डोळ्यांनी पाहिला आहे. सलग अपुऱ्या पावसानंतर त्या वर्षी खरीपही गेला आणि रब्बीही गेली. विहिरी तळास गेल्या. गुरे दावणीतून सोडून द्यावी लागली. आमच्या मातोश्री गावच्या आयाबायांबरोबर खडी फोडावयास जात. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तेथे जात असू आणि कामावर वाटलेली सुकडी त्या आपल्या पदरात बांधून आमच्यासाठी राखून ठेवीत. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकर थापताना तिचे तुकडे पडत आणि घशाखाली ती पाण्याच्या घोटानेच उतरे. परंतु आमच्या घरी चूल विझली नाही, आणि गावात भुकेने कोणी गेले नाही.

पावसाच्या दृष्टीने १९७२ हे साल १८७६ ला हार जाणारे नव्हते. भेद कशात होता? १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते ही कामे गावाजवळ निघाली आणि हाताला काम मिळाल्यामुळे घरात दाणा आला. सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे हे त्या काळी विधान परिषदेचे सभापती होते. ग्रामीण मनुष्यास काम मागण्याचा हक्क असावा, ही कल्पना त्यांनी दुष्काळापूर्वीच आपल्या भागात लहान प्रमाणावर अजमावून पाहिली होती. तयारी आधी होती, म्हणून वेळेला ती मोठी करता आली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ साली केंद्रानेही त्याच धर्तीवर देशासाठी कायदा केला.

या योजनेस पैसा कोठून आला हेही सांगितले पाहिजे. १९७५ साली राज्यात व्यवसाय कर सुरू झाला, तो याच कामासाठी. आम्ही शिक्षकी पेशात शिरल्यावर पहिल्या पगारातून ही रक्कम कापली गेली तेव्हा आम्ही कुरकूर केली होती. त्यावर आमचे मुख्याध्यापक गुरुजी म्हणाले, “मास्तर, तुमच्या मातोश्रींनी खडी फोडली ना? मग ही फेड समजा.” पुढे आम्ही कधी कुरकूर केली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असे संकट आता येते कोठे? मार्च २०२० मध्ये ते आले. एका रात्रीत देशाची चाके थांबली. आपल्याच ज्ञातीतील रिक्षा चालविणारे, खानावळी चालविणारे, हंगामी नोकरी करणारे बांधव पंधरवड्यात हातघाईस आले आणि भाड्याच्या खोलीत राहणारे शेजारी मुलाबाळांसह गावची वाट पायी चालू लागले. त्याही पूर्वी आमच्या तालुक्यातील एका पतसंस्थेचे दार एका सकाळी उघडलेच नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली आयुष्याची पुंजी आत अडकून पडलेल्या एका सेवानिवृत्त बांधवाबरोबर आम्ही त्या बंद दाराशी कित्येकदा जाऊन उभे राहिलो आहोत. बँकेतील ठेवीस विम्याचे संरक्षण असते आणि त्याची मर्यादा २०२० साली पाच लाख रुपये करण्यात आली. पतसंस्थेतील ठेवीस ते संरक्षण नसते, हे त्या गृहस्थांस तेव्हा प्रथम समजले. अमात्यांनी सांगितलेला झरा तो हाच.

तेव्हा इतिहासाच्या आधारे आम्ही सभासद कुटुंबांस नम्रपणे सुचवितो की, घरात काही आठवड्यांचे धान्य व औषधे असावीत, थोडी रोकड असावी, महत्त्वाचे कागद एका पिशवीत असावेत आणि सारी पुंजी एकाच ठिकाणी कधीही नसावी. तेजीच्या वर्षी काढलेले कर्ज मंदीच्या वर्षी फेडावे लागते, हे १८६५ विसरू नये.

मंडळासाठी आमचे म्हणणे असे आहे. संकट निधी हे आपले पेव आहे. मंगल कार्यालयाचा दुसरा मजला शोभेचा आहे, उपयोगाचाही आहे; त्यासाठी वेगळी वर्गणी काढावी, आमची वर्गणी आम्ही पहिल्या दिवशी देऊ. परंतु पेवातील ज्वारी विकून माडी बांधू नये. निधी स्वतंत्र खात्यात राहावा, त्याचा जमाखर्च दरवर्षी याच स्मरणिकेत छापावा, कारण लिहून न ठेवलेला संचय पेवात कोंडलेल्या हवेसारखा असतो. वेळेला आत उतरणाराच त्यात गुदमरतो. नड आलेल्या कुटुंबास त्यातून बिनव्याजी मदत द्यावी आणि मुद्दल त्याच्या शक्तीप्रमाणे हळूहळू परत घ्यावे. छत्रपतींच्या पत्रातील ही रीत साडेतीनशे वर्षांनंतरही जुनी झालेली नाही.

शेवटचा मुद्दा काहींस रुचणार नाही, तरी वडीलकीच्या नात्याने तो मांडतो. हा निधी ज्ञातीपुरताच ठेवावा असे सभेत सुचविले गेले. आमच्या मते प्रथम हक्क सभासदांचा असावा, परंतु मोठ्या संकटात निधीचा काही भाग शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी, जात न पाहता, राखलेला असावा. १९७२ साली आमच्या मातोश्रींच्या शेजारी खडी फोडावयास बसलेल्या बायांत सर्व जातींच्या बाया होत्या आणि सुकडी सर्वांना एकाच मापाने मिळत होती. ती देणाऱ्याने आमची ज्ञात विचारली असती, तर हा लेख लिहावयास आम्ही कदाचित उरलो नसतो.

येत्या सभेत हा विषय पुन्हा निघेल. सभासदांनी मत देण्यापूर्वी या चार ओळी एकवार मनात आणाव्यात, एवढी विनंती करून आणि सर्व कुटुंबांस सुकाळाचे व आरोग्याचे वर्ष चिंतून हा लेख पुरा करतो.